मासे बघायचा वार

आनंदा तोंड उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता, आणि आवाज मात्र येत नव्हता. एक हात छातीशी, दुसरा हवेत. समोर बसलेल्या मित्राकडे डोळे वटारून त्याचं हे असं चाललं होतं. गुणवंतीने इंजिनापाशी बसल्या जागेवरून ते पाहिलं आणि मनात म्हणाली, झालं, हा आता माझी होडी घाण करणार.

तिने इंजिन बंद केलं. टोपलीतलं लिंबू कोयत्याने कापलं, दोराच्या वेटोळ्यांवरून आणि माणसांच्या पायांवरून उड्या टाकत होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपर्यंत गेली आणि अर्धी फोड थेट त्याच्या नाकासमोर धरली.

"चोखा. आणि ओकायचंच असेल तर बाहेर तोंड काढून. वारा अंगावर घेऊन नको."

"मी... मी बोलत होतो," आनंदा म्हणाला.

"कुणाशी?"

"ह्याच्याशी. भिवाशी."

"मग आवाज कुठाय?"

भिवा नावाचा तो मित्र एव्हाना हसून हसून आडवा झाला होता. त्यानेच मग सांगितलं, की आम्ही दोघे गिरणीतले, साचेखात्यातले, म्हणजे माग चालवणारे. तिथे शेकडो माग एकदम धडधडायला लागले की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मग सगळे ओठांनी बोलतात. शब्द नीट तोंड वासून, सावकाश आकार करून म्हणायचा, जोडीला हाताची खूण करायची. समोरचा डोळ्यांनी ऐकतो. संप सुरू होऊन वर्ष उलटलं, माग कधीचे गप्प झाले, पण खोड काही गेली नाही. होडीचं इंजिन धडधडायला लागलं आणि आनंदाच्या तोंडाला वाटलं, पाळी सुरू झाली.

गुणवंतीला हसू आलं, पण ते तिने दाखवलं नाही. अनोळखी पोरासमोर एवढ्यात हसायचं नाही हे तिच्या आईने, सखुबाईने, तिला शिकवून ठेवलेलं. आनंदाने मात्र लिंबाची फोड परत दिली नाही. ओकारी नव्हती तरी ती त्याने चोखली, डोळे मिचकावत, साल उरेपर्यंत. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि तेवढ्यात होडीच्या अगदी बगलेला 'फुस्स' असा आवाज झाला. करडी, ओली, मधोमध कुबड आलेली पाठ पाण्यातून वर आली, वळली आणि पुन्हा आत गेली. तिच्या मागे दुसरी. मग एक लहानगी, आईला चिकटून. होडीतले सगळे श्वास रोखून बसले. इतक्या जवळ गादे कधी आलेच नव्हते. कोळीवाड्यात डॉल्फिनला गादा म्हणतात. रविवारचे पाहुणे त्यांना मासे म्हणतात, आणि त्यातले जास्त उत्साही लोक तर देवमासा म्हणतात. गुणवंतीचा बाप हरेश्वर कुणाचंच म्हणणं खोडून काढत नसे. पाहुण्याला देवमासा दिसला तर आपलं काय जातं, असा त्याचा हिशेब होता.

ही गादे दाखवायची फेरी हरेश्वरने त्याच हिवाळ्यात सुरू केली होती. मोठ्या ट्रॉलरांनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडून नेली तेव्हापासून त्याच्या छोट्या होडीला जाळं टाकून फारसं काही मिळेना. पण गादे होते. थंडीच्या दिवसांत सकाळी वरळीच्या किल्ल्यापासून हाजीअलीच्या समोरच्या पाण्यात ते हमखास दिसत. एकदा मलबार हिलवरच्या कुणी साहेबाने हौसेने विचारलं, दाखवता का? त्याने आणखी चौघांना सांगितलं, आणि दर रविवारी धक्क्यावर माणसं येऊन उभी राहायला लागली. हरेश्वरला मुलगा नव्हता. त्याने इंजिनावर गुणवंतीला बसवलं. बाई होडीवर कशी, म्हणून म्हातारे कुरकुरले. हरेश्वर म्हणाला, जाळं टाकायला नेत नाही तिला, माणसं ओकली तर लिंबू द्यायला नेतो.

आनंदा आणि भिवा काही फेरीसाठी आले नव्हते. हरेश्वरची बहीण सोनूबाई लालबागला त्यांच्याच चाळीत राहत होती. तिने कुटून आणलेला मसाला भावाकडे पोचवायला या दोघांना पाठवलं होतं. हरेश्वर म्हणाला, आला आहात तर बसा, होडीत जागा आहे. एवढंच ते निमित्त.

हरेश्वर हुशार माणूस. इंजिन बंद झालं की गादे जवळ येतात, ही गोष्ट त्याने त्या दिवशी लगेच हेरली. आजवर तो धडधडत त्यांच्या मागे लागत होता आणि ते लांब पळत होते. पण इंजिन बंद करायचं तर नेमक्या जागी बंद करायला हवं, आणि त्यासाठी नाळेवर नजरेचा पक्का माणूस हवा. आनंदाने परतताना दोनदा हात करून 'तिकडे' असं दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा तिकडे गादा निघाला होता. हरेश्वरने धक्क्यावर उतरताना विचारलं, "पुढल्या ऐतवारी काय करतंस र पोरा?"

"काय करणार... संप हाय," आनंदा म्हणाला.

"मग ये."

आनंदा आला. त्या रविवारी आला, पुढल्या आला, आणि मग येतच राहिला. त्याचे आईबाप, गुणाजी आणि मालन, संप लांबला तसे गावी निघून गेले होते. शेताच्या तुकड्यावर दोघांचं भागत होतं. खोली राखायला आनंदा एकटा मागे राहिला होता आणि सोनूबाईच्या घरी दोन घास खात होता. गिरणी उघडेल म्हणून रोज सगळे फाटकापाशी जाऊन उभे राहत, आणि संध्याकाळी तसेच परत येत. आठवड्यातून एक दिवस तरी आपल्या डोळ्यांना काही काम आहे, ही गोष्ट त्याला फार मोठी वाटायची. दुसरंही एक कारण होतं. ते इंजिनापाशी बसत होतं आणि त्याच्या हातात लिंबू होतं.

नाळेवर आनंदा आणि मागे इंजिनावर गुणवंती, मध्ये पाहुण्यांची गर्दी आणि इंजिनाचा गोंगाट. ओरडून काही पोचत नसे. तेव्हा आनंदाने तिला साचेखात्याची बोली शिकवली. सुरुवात कामापुरती झाली. डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब, दोन आहेत, पिल्लू आहे. गुणवंतीची नजर चटकन बसली. मग कामाच्या शब्दांत एखादा बिनकामाचा शब्द घुसायला लागला.

एकदा आनंदाने ओठांनी म्हटलं, चहा प्यायलीस का? ती ओठांनी म्हणाली, नाही. एकदा तो म्हणाला, त्या टोपीवाल्या साहेबाकडे बघ, आता ओकेल. साहेब खरंच ओकला, आणि गुणवंतीला लिंबू कापताना हसू आवरेना. आणि एकदा, माघातल्या एका सकाळी, त्याने कानाला हात लावला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हटलं... तुझ्या... कानातलं... छान आहे.

तिने पटकन मान खाली घातली आणि इंजिनाचं तेल तपासल्यासारखं केलं. तेल भरपूर होतं.

धक्क्यावर उतरल्यावर तिने त्याला गाठलं.

"कानातलं काय नवीन नाय. रोजचंच हाय."

"मी कुठे नवीन म्हणालो?"

"मग आजच कसं छान दिसलं?"

"रोजच दिसतं," आनंदा म्हणाला. "आज शब्द जुळले."

गुणवंतीने हातातलं उरलेलं अर्धं लिंबू त्याच्या हातात कोंबलं आणि तरातरा निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी, ओकारी असो नसो, एक फोड आनंदाची ठरली. पाहुण्यांना वाटे, बिचारा खलाशी असून त्याला होडी लागते.

आता यात एक अडचण होती आणि ती साधीसुधी नव्हती. हरेश्वरने फार पूर्वी एक शब्द बोलून ठेवला होता, की माझी मुलगी मी गिरणीवाल्याला देणार नाही. त्याला कारण सोनूबाई. ही त्याची लाडकी धाकटी बहीण, तिने स्वतःच्या मनाने लालबागच्या दौलत नावाच्या साचेवाल्याशी लग्न केलं. तेव्हा हरेश्वर चार वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. मग बोलायला लागला, पण संप झाला आणि त्याचा राग पुन्हा वर आला. दर आठवड्याला बहिणीकडे सुके बोंबील आणि जवळा पाठवताना तो न चुकता म्हणायचा, भोंग्यावर उठणाऱ्या माणसाचं काही खरं नाही, भोंगा बंद झाला की चूल बंद. दर्या कधी संप करत नाही. गुणवंतीने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला झोपेतही म्हणता आलं असतं. आनंदाला ती त्याबद्दल काही बोलली नाही. पण तोही सोनूबाईच्या ताटाला जेवत होता, त्याला ते ठाऊक होतंच.

होळीनंतर वारा फिरला, मग होड्या वर ओढल्या गेल्या. त्या चार महिन्यांत आनंदाला वरळीला यायला तसं काही कारण उरलं नव्हतं. त्याने ते शोधून काढलं. जाळी दुरुस्त करायला बसलेल्या हरेश्वरशेजारी येऊन तो गुपचूप बसला आणि तुटलेले धागे जोडायला लागला. त्याच्या गाठी पाहून हरेश्वर म्हणाला, बारीक बसतात र तुझ्या गाठी. सखुबाईने चहा पाठवला. चहा आणणारी गुणवंती. कप खाली ठेवता ठेवता ती ओठांनी विचारायची, कधी आलास? तो ओठांनीच सांगायचा, मघाशी. बाप दोन हातांवर बसलेला आणि या दोघांचं असं सगळं भर दुपारी, त्याच्या डोळ्यांदेखत. गुणवंतीला भीती वाटायची आणि मजाही वाटायची. खरं सांगायचं तर मजाच जास्त.

नारळी पौर्णिमा झाली. दर्याला नारळ वाहिला, होडीला नवा रंग लागला, गादे परत आले. दिवाळीही गेली. आणि एका रविवारी आनंदा धक्क्यावर आला तो नेहमीसारखा हसत नव्हता. फेरीभर त्याने ओठ हलवले ते फक्त कामापुरते. पाहुणे उतरून गेल्यावर तो गुणवंतीपाशी येऊन उभा राहिला.

"गिरणी चालू झाली," तो म्हणाला. "थोडेच माग लावलेत. पण... मला बोलावलंय. बाबांनाही. ते गावाहून निघालेत."

संपात काय मागितलं होतं आणि काय मिळालं, ते तो बोलला नाही. काहीच मिळालं नव्हतं. बोलावलेली माणसं मान खाली घालून आत गेली, आणि ज्यांना बोलावणंच आलं नाही ती फाटकाबाहेर उभी राहिली. भिवाला बोलावणं आलं नव्हतं. तो गावी जाणार होता.

"चांगलं झालं की," गुणवंती म्हणाली.

"हां. चांगलंच झालं."

"मग तोंड का असं?"

आनंदा पाण्याकडे बघत म्हणाला, "आमच्या गिरणीला आता रविवारी सुट्टी नाय. विजेचं काहीतरी हाय, प्रत्येक गिरणीला वेगळा वार वाटून दिलाय. आम्हाला गुरुवार आलाय."

गुरुवार. फेरी फक्त रविवारची. गुणवंतीला हिशेब कळायला वेळ लागला नाही. तिला वाटलं, त्याने विचारावं, मग मी काय करू? आणि तिने म्हणावं, नको जाऊस... पण रोजगार मिळालेल्या माणसाला असं कोण म्हणेल? आणि तिचा ताठाही काही कमी नव्हता. ती म्हणाली, जा की मग. एवढंच म्हणाली. आणि तो गेला, आणि त्या दिवशी लिंबाची फोड द्यायची राहून गेली.

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते विचारू नका. नाळेवर हरेश्वरने पुतण्या बसवला. तो डावीकडे म्हणून ओरडला की गादा उजवीकडे निघे. पाहुणे ओकत होते, गुणवंती लिंबं कापत होती, आणि प्रत्येक वेळी एक अर्धी फोड टोपलीत उरत होती. ती समुद्रात टाकवेना आणि घरी न्यावी तर आई विचारायची. सकाळी सखुबाईबरोबर बाजारात टोपली घेऊन बसली तरी तिचं चित्त ठिकाणावर नसायचं. एका गिऱ्हाइकाला तिने पापलेटाच्या भावात बोंबील सांगितले, आणि ते गिऱ्हाईक इतकं घाबरलं की दोन्ही न घेता निघून गेलं.

सखुबाईने तिला त्या दिवशी चांगलं फैलावर घेतलं. बोलता बोलता ती वैतागून म्हणाली, उद्या तरी घरी झोप काढ, उद्या गुरुवार, तसंही बाजारात चिटपाखरू नसणार.

गुणवंतीच्या हातातला कोयता तिथेच थांबला.

गुरुवारी लालबाग-परळात कोण मासळी घेतं? निम्म्या घरांत उपास, उरलेल्या निम्म्यात वार पाळायचा. गुरुवारी कोळणीची टोपली रिकामी, होडी धक्क्याला बांधलेली, आणि तिकडे एक आख्खी गिरणी सुट्टी घेऊन घरात बसलेली. हे आपल्या इतके दिवस लक्षात कसं आलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्या संध्याकाळी हरेश्वर जेवून पान लावत बसला असताना तिने विषय काढला. म्हणाली, बाबा, गुरुवारीही फेरी काढू या. हरेश्वर हसला. गुरुवारी कोण येणार, साहेब लोक कचेरीत असतात.

"साहेब नाय, गिरणीवाले येतील. त्यांना गुरुवारची सुट्टी हाय. तिकीट कमी ठेवू."

"गुरुवारी? ते वार पाळतात. मासळीचा वास पण घेत नाय."

"खायचे नायत ते. बघायला काय हरकत हाय?"

हरेश्वरने पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, पान दुमडलं, आणि तोंडात टाकायच्या आधी हात मध्येच थांबवून लेकीकडे पाहिलं.

"गिरणीला गुरुवारची सुट्टी असते, हे तुला कसं ठाऊक?"

गुणवंतीने ताटं उचलली. "आत्याने सांगितलं," ती म्हणाली. हे खोटं होतं, आणि ते खरं करायला दुसऱ्याच दिवशी ती लालबागला आत्याच्या दारात हजर झाली. सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांवर सांगत सुटली, की माझ्या भावाची होडी आहे, येत्या गुरुवारी सगळ्यांनी चला, बायकामुलांना दर्या दाखवा.

पहिल्या गुरुवारी होडी अर्धीच भरली. त्यात सोनूबाई होती, दौलत होता, आणि आनंदा होता. तो सरळ नाळेवर जाऊन बसला, जसा काही मधले रविवार झालेच नव्हते. गुणवंतीने इंजिन चालू केलं. त्याने वळून पाहिलं आणि ओठांनी एकच शब्द म्हटला... लिंबू?

तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं लिंबू निवडलं.

गुरुवारची फेरी चालली, आणि कशी चालली! साचेवाले, त्यांच्या बायका, सासवा, कडेवरची पोरं. रविवारचे पाहुणे गादा दिसला की फोटो काढत. हे लोक हात जोडत. साबुदाण्याच्या खिचडीचे डबे उघडत, हरेश्वरला बळेच खाऊ घालत आणि गिरणीत असल्यासारखे मोठमोठ्याने बोलत. संपाची दोन वर्षं ज्यांनी खोलीत काढली होती त्यांना उघडं पाणी पाहून काय वाटत असेल ते हरेश्वरला दिसत होतं. एकदा परतताना तो लेकीला म्हणाला, चांगली माणसं आहेत. मग जरा थांबून म्हणाला, उगाच गिरणीत गेली. गुणवंतीने पहिलं वाक्य तेवढं जपून ठेवलं.

मग तो गुरुवार आला. आनंदाचे आईबाप त्या दिवशी प्रथमच होडीत बसायला आले होते. आदल्या रात्री जेवताना मालनने विषय काढला होता, की शिमग्याला गावी जाऊ तेव्हा मुलगी बघून ठेवली आहे, नाही म्हणू नकोस. आनंदा पहाटे उठला तो ठरवूनच, की आज विचारायचं. आता नाही तर कधीच नाही.

होडी किल्ल्यापुढे आली. इंजिन जोरात होतं. थंड वारा होता, पाणी अगदी शांत होतं. आनंदा पाण्याकडे पाठ करून गुणवंतीकडे तोंड करून बसला. तिने भुवया उंचावल्या, काय? त्याने एकदा घसा खाकरला, त्याची काही गरज नव्हती तरी. छातीशी हात नेला. आणि ओठ पुरते उघडून, एकेक शब्द सुटा करून, सावकाश, नीट वाचता येईल असा म्हटला...

माझ्याशी... लग्न... करशील?

गेलं वर्षभर त्या दोघांचं हे गुपित भर गर्दीत सुखरूप राहिलं होतं. रविवारच्या साहेबांना त्यातलं अक्षर कळत नसे. गुरुवारी तो एरवी कामाचं आणि लिंबाचं तेवढंच बोलायचा, पण आज आनंदा बापडा हेच विसरला, की वार गुरुवार आहे. होडीत एकजात साचेवाले बसले होते.

खिचडीचा घास तोंडाकडे नेणारा हात तिथेच राहिला. दौलतने बायकोला कोपर मारलं. गुणाजीने आयुष्यभर सहा मागांच्या पलीकडून मुकादमाचे ओठ वाचले होते. त्याने लेकाकडे पाहिलं आणि मग, होडीतल्या सगळ्यांबरोबर, मान वळवून इंजिनापाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. सगळी होडीच्या होडी तिच्याकडे पाहायला लागली.

सुकाणू धरून बसलेला हरेश्वर गोंधळला. "गादा तिकडं असंल, पुढं! माझ्या पोरीकडं काय बघताव समदी?" मग तो बहिणीला म्हणाला, "सोने, काय बोलला तो?" दौलतबरोबर वीस वर्षं संसार करून सोनूबाईला ही बोली मातृभाषेइतकी येत होती. पण ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मना काय विचारतोस दादा? जिला विचारलं ती सांगेल."

गुणवंतीला ओठांनीच उत्तर देता आलं असतं. सगळ्या होडीला ते कळलं असतं, एक बाप सोडून. आणि ज्याला कळायला हवं होतं तो तोच होता.

तिने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "हा विचारतोय, माझ्याशी लगीन करशील काय. मी हो म्हणणार हाय. पण तुमच्या कानावर पडल्याबिगर नाय म्हणणार."

हरेश्वरने सुकाणूवरचा हात काढला नाही. मालनने पदराचं टोक धरून त्याच्याकडे पाहिलं.

"गुरुवार तुला कसा ठाऊक, हे मी तवाच विचारलं व्हतं," तो म्हणाला. "पाण्याखालचा गादा हुडकणारा मी. माझ्याच होडीत काय चाललंय ते दिसत नसंल व्हय? पोरा, इकडं बघ. गिरणी उद्या परत बंद पडली तर?"

आनंदा उभा राहिला. इंजिन बंद आहे याचं त्याला भान राहिलं नाही. साचेखात्यात वाढलेल्या गळ्याने तो इतक्या मोठ्याने बोलला, की किल्ल्यावर बसलेले बगळेसुद्धा उडाले असतील.

"तर रविवारी पण येईन!"

आधी सोनूबाई हसली, आणि तिच्यामागोमाग सगळी होडी. मालनसुद्धा हसली, आणि मग गुणवंतीला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेऊन नवऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाली. गुणाजीने मान डोलावली. सोनूबाई हसता हसता डोळे पुसत भावाला म्हणाली, "दादा, संपात मी अर्धपोटी राहिले, ते खरं. पण तू विचार मना, एक दिवस तरी मी परत यायचं बोलले काय?"

हरेश्वर वाकला, लेकीच्या पायांजवळच्या टोपलीत हात घातला, एक लिंबू उचललं आणि माणसांच्या डोक्यांवरून नाळेकडे फेकलं. आनंदाने ते दोन्ही हातांनी झेललं.

"चोख," हरेश्वर म्हणाला. "माझ्या जावयाला होडी लागायला नको."

होडीत एकच गलका उठला. कुणी डबे पुढे केले, कुणी आनंदाची पाठ थोपटली, कोपऱ्यातली एक म्हातारी मुलगी कोणाची, मुलगी कोणाची, असं विचारत राहिली. मालन पुढे कित्येक महिने शेजारणींना सांगायची, की मी एवढी हौसेने गेले, पण त्या दिवशी गादे काही दिसलेच नाहीत.

दिसले नाहीत हे खरं, पण आले नव्हते असं नाही. गलका चालू असताना आनंदाच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, एक करडी पाठ हळूच पाण्याबाहेर आली, आणि तिला चिकटून एक लहानगी. गुणवंतीला दोघी दिसल्या. एरवी ती लगेच हात करून सगळ्यांना दाखवायची, तिचं कामच होतं ते. आज तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिने आनंदाकडे पाहिलं, ओठांनीच हो म्हटलं, आणि इंजिन चालू केलं.